मुंग्या, भुतं आणि चौकटी

भिलाईच्या टाउनशिपमध्ये टीव्हीचं चित्र आलं, त्याआधी ते दुर्ग जिल्ह्यातल्या खेड्यांत येऊन गेलं होतं. हे आज इथल्या पोरांना सांगितलं तर त्यांना पटत नाही. एकीकडे रशियाच्या मदतीने उभा राहिलेला, 1959 पासून लोखंड ओतणारा कारखाना, सेक्टरांत आखलेलं शहर, रुंद रस्ते, दवाखाना, शाळा. दुसरीकडे एका शाळेची आणि एका हातपंपाची गावं. पण 1 ऑगस्ट 1975 ला टीव्ही सुरू झाला तो त्या गावांत. आम्ही सेक्टरवाले रेडिओच ऐकत बसलो होतो.

तो होता 'साइट' नावाचा प्रयोग. विक्रम साराभाईंनी 1969 मध्ये अमेरिकेच्या नासाशी करार घडवून आणला होता, पण प्रयोग बघायला ते राहिले नाहीत. नासाचा एटीएस-6 हा उपग्रह वर्षभरासाठी पूर्व आफ्रिकेच्या वर आणून ठेवला गेला. अहमदाबादच्या केंद्रातून कार्यक्रम वर जायचे आणि सहा राज्यांतल्या 2400 गावांत उतरायचे. तेव्हाच्या मध्य प्रदेशातले तीन जिल्हे त्यात होते: रायपूर, बिलासपूर आणि आमचा दुर्ग. या प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक होते मूळ कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस. छत्तीसगडच्या खेड्यात पहिलं चित्र उमटलं त्यामागे एक मराठी माणूस होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

बाबा वर्धा जिल्ह्यातून इथे स्टील मेल्टिंग शॉपला लागले आणि आम्ही भावंडं भिलाईतच वाढलो. त्यांच्या खात्यातल्या एका छत्तीसगढी काकांच्या गावी मी ते यंत्र पाहिलं. शाळेच्या आवारात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी थाळी, पश्चिमेकडे झुकलेली. व्हरांड्यात हैदराबादच्या ईसीआयएलचा कृष्णधवल संच आणि समोर जमिनीवर बसलेलं सगळं गाव. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, गाणी. काय दाखवलं ते मला फारसं आठवत नाही. चित्र किती स्वच्छ होतं ते मात्र आठवतं. पुढे आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड घेतला तेव्हा त्याचं कारण समजलं. ते चित्र सरळ आभाळातून यायचं, वाटेत डोंगर नाही, इमारत नाही, चिमणी नाही. शिवाय ते एफएम पद्धतीने पाठवलेलं असायचं, त्यामुळे आसपासच्या मोटारीचा, पंपाचा खरखराट त्यात सहसा शिरत नसे.

31 जुलै 1976 ला प्रयोग संपला, उपग्रह परत अमेरिकेच्या बाजूला नेला गेला आणि गावांतले संच मुके झाले. पुढच्या वर्षी, 1977 मध्ये, त्याच प्रयोगाचं पुढचं पाऊल म्हणून रायपूरला जमिनीवरचं प्रक्षेपण केंद्र सुरू झालं. भिलाईचा टीव्ही खऱ्या अर्थाने तेव्हापासूनचा. आणि माझा धंदाही त्यातूनच उभा राहिला, कारण रायपूरहून येणारं चित्र खेड्यातल्या त्या चित्राइतकं स्वच्छ कधीच नव्हतं.

तुम्ही मला विचाराल की एचडीचे कार्यक्रम एकसारखे का दिसत नाहीत, तर मी या जुन्या हिशेबापासून सुरुवात करतो. टीव्हीचं चित्र म्हणजे एक लांबलचक वाट आहे. कॅमेरा, टेप, केंद्र, हवा किंवा तार, डबा, संच आणि शेवटी तुमचे डोळे. या वाटेवरचं सगळ्यांत कच्चं ठिकाण जितकं चांगलं, तितकंच चित्र चांगलं. माझ्या उभ्या आयुष्यात हे कच्चं ठिकाण एकेक टप्पा मागे सरकत गेलं. आधी ते घराच्या गच्चीवर होतं, मग गल्लीतल्या खांबावर आलं, आता ते शेकडो मैलांवरच्या कुठल्यातरी यंत्रात आहे.

गच्चीचा काळ आधी सांगतो. रायपूर इथून तीसेक किलोमीटर. ॲल्युमिनियमच्या नळ्यांची यागी अँटिना, जीआय पाइपचा दांडा आणि तिथून खिडकीपर्यंत चपटी फीडर वायर. क्वार्टरच्या ब्लॉकची गच्ची सामायिक, त्यामुळे एकाच्या अँटिनासमोर दुसऱ्याची उभी. कारखान्याची तांबूस धूळ नळ्यांवर बसायची, पावसात सांधे गंजायचे आणि चित्रात मुंग्या यायच्या, म्हणजे काळे-पांढरे ठिपके वळवळायचे. नट खोलून, सांधा काचकागदाने घासून, ग्रीस लावून परत कसला की मुंग्या कमी. या कामाचे मी पाच रुपये घ्यायचो आणि चहा वेगळा.

मुंग्यांहून अवघड दुखणं भुतांचं. भूत म्हणजे चित्राची उजवीकडे पडलेली फिकी सावली. निवेदिका एक, कडा दोन. रायपूरहून निघालेली लहर सरळ अँटिनात शिरते आणि तीच लहर एखाद्या उंच बांधकामावर आपटून, वळसा घेऊन, थोडी उशिरा परत शिरते. चिमण्या, टाक्या, लोखंडी सांगाडे यांची भिलाईत कमी नाही. याचा हिशेब करता येतो, आणि मला तो करायला आवडायचा. तीनशे मीटर जादा वळसा म्हणजे एक मायक्रोसेकंद उशीर. वीस इंची पडद्यावर तेवढ्यात चित्राची रेघ पाऊण सेंटिमीटर पुढे सरकते. पट्टी लावून सावलीचं अंतर मोजायचं आणि लहर किती लांबून वळून येते त्याचा अंदाज बांधायचा. मग अँटिना थेट रायपूरकडे न धरता किंचित तिरपी करायची. मुख्य चित्र जरा मंद व्हायचं, पण भूत जायचं. सेक्टरांतले इंजिनिअर लोक आधी हसायचे, मग स्वतःच पट्टी घेऊन बसायचे.

त्याच काळातला भिलाईचा म्हणून एक खास घोळ होता. प्रशिक्षणासाठी रशियाला जाऊन आलेले लोक इथे पुष्कळ. एका साहेबांनी तिकडून रंगीत संच आणला आणि मला बोलावलं. भारतात 1982 मध्ये रंग आले ते पाल पद्धतीने, आणि सोव्हिएत संच होता सेकॅमचा. रेघा दोन्हीकडे 625 च, म्हणून चित्र उमटलं, पण कृष्णधवल. आवाज तर आलाच नाही, कारण आपल्याकडे आवाज चित्रापासून 5.5 मेगाहर्ट्झवर असतो आणि त्यांच्याकडे 6.5 वर. आवाजाची कॉइल मी जुळवून दिली. रंग मात्र आणता आले नाहीत. पोलादाच्या बाबतीत मॉस्कोशी जुळलेलं शहर रंगाच्या बाबतीत जुळलं नाही ते असं.

रंगीत संच महाग होते, त्यामुळे कित्येक घरांत कृष्णधवल पडद्यावर वर निळी, मधे पिवळसर, खाली हिरवी अशी प्लॅस्टिकची काच लावलेली असे. माणूस जवळून दाखवला की कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी. तरी लोक खूश होते. 1984 च्या जुलैत 'हम लोग' सुरू झालं, 25 जानेवारी 1987 ला 'रामायण' आणि 1988 च्या ऑक्टोबरात 'महाभारत'. रविवारी सकाळी संच बिघडला तर माझ्या घराच्या दारावर थाप पडायची, दुकानाच्या नाही.

एचडीचा विषय समजायला 1988 हे साल फार महत्त्वाचं आहे. त्या नोव्हेंबरात श्याम बेनेगल यांचं 'भारत एक खोज' सुरू झालं. महाभारताच्या भागात तीजनबाई पंडवानी, म्हणजे पांडवांची लोकगाथा, गाताना दिसल्या. तीजनबाई आमच्या गनियारीच्या, भिलाईपासून हाकेच्या अंतरावरच्या, आणि भिलाई स्टीलच्या नोकरीत राहिलेल्या. त्या दिवशी भिलाईच्या सुपेल्यात चहाच्या टपरीवरही टीव्हीपुढे गर्दी होती. हातात तंबुरा, त्याची कधी गदा तर कधी धनुष्य. लोकांनी त्यांना पाहिलं. मी धंद्याच्या खोडीने सावल्या पाहिल्या. काळोखातही तपशील शिल्लक होता. छायाचित्रण होतं व्ही. के. मूर्ती यांचं, गुरुदत्तच्या चित्रपटांचे कॅमेरामन, आणि चित्रण होतं फिल्मवर. 'रामायण' मात्र व्हिडिओ टेपवर चित्रित झालं होतं. तेव्हा आमच्या मुंग्यांच्या पडद्यावर या दोघांतला फरक चार लोकांनाही जाणवला नसेल. दोन्ही त्याच 625 रेघांतून यायची आणि त्याच गंजलेल्या अँटिनातून शिरायची. कच्चं ठिकाण गच्चीवर होतं, म्हणून स्टुडिओतला फरक झाकला गेला. तो उघडा पडायला तीस वर्षं लागली.

व्हीसीआरच्या दिवसांवर फार बोलत नाही. रात्रभरासाठी भाड्याने आणलेलं यंत्र, प्रतीची प्रत आणि तिची प्रत असलेल्या कॅसेटी. दर प्रतीला रंग पसरायचे, कडा विरघळायच्या. चौथ्या पिढीच्या कॅसेटमध्ये नायिका ओळखायची ती आवाजावरून.

मग केबल आली. 1992 च्या ऑक्टोबरात झी टीव्ही सुरू झाला आणि वर्ष-दोन वर्षांत गच्च्यांवरच्या अँटिना पाखरांना बसायला उरल्या. अँटिनाची भुतं गेली. पण आता दोष खांबावर जाऊन बसला. केबलवाल्याच्या खोलीत मोठ्या थाळ्या, तिथून निघालेली तार, दर काही अंतरावर ॲम्प्लिफायर. ॲम्प्लिफायर चित्राबरोबर खरखरही वाढवतो आणि पुढच्या ॲम्प्लिफायरकडे दोन्ही सोपवतो. त्यामुळे केबलवाल्याच्या शेजारच्या घरात झकास चित्र आणि गल्लीच्या टोकाला मुंग्या, असा प्रकार. टोकाचं गिऱ्हाईक मला म्हणायचं, "भइया, फोटू साफ नइ दिखत हे," आणि संच उघडून बघायचा आग्रह धरायचं. संचात काही नसायचं. मी चाचणीसाठी माझा छोटा पोर्टेबल घेऊन जायचो आणि त्याच तारेवर लावून दाखवायचो. त्यातही मुंग्या दिसल्या की मगच पटायचं.

या केबलच्या काळात आम्हा मराठी घरांच्या वाट्याला आलेलं चित्र अंमळ जास्तच वाईट होतं, आणि त्यामागे कुणाचं वाकडेपण नव्हतं, शुद्ध विज्ञान होतं. छत्तीसगडात मराठी वस्ती जुनी आहे. नागपूरच्या भोसल्यांची सत्ता इथे शतकभर होती, पुढे दुर्ग-रायपूर नागपूर राजधानीच्या मध्य प्रांतात राहिले, आणि कारखान्यामुळे विदर्भातून आणखी माणसं आली. तरी केबलवाल्याच्या हिशेबात आम्ही थोडेच. 1994 मध्ये दूरदर्शनची मराठी वाहिनी उपग्रहावर आली, 15 ऑगस्ट 1999 ला अल्फा मराठी, 2000 मध्ये ई टीव्ही मराठी. त्यातलं जे काही केबलवाला द्यायचा, ते पट्ट्याच्या शेवटच्या टोकाला, सगळ्यांत वरच्या फ्रिक्वेन्सीवर टाकायचा. खालच्या, चांगल्या जागा हिंदी वाहिन्यांना. तारेचा गुण असा की फ्रिक्वेन्सी जितकी वर, तितकी गळती जास्त. एकाच तारेतून एकाच घरात हिंदी मालिका लख्ख आणि मराठी मालिका मुंग्यांनी भरलेली. त्यात जुन्या संचांचे ट्यूनर तेवढ्या वर पोचायचेच नाहीत, मग वेगळा कन्व्हर्टर बसवावा लागे. 'आभाळमाया'साठी किती मावश्यांनी माझ्याकडून कन्व्हर्टर बसवून घेतले! "हिंदी कसं स्वच्छ दिसतं हो भाऊ, मग आपलंच असं का?" असं त्या विचारायच्या. गळतीचं गणित मी समजावायचो आणि त्या मान डोलावून म्हणायच्या, "बरं, पण साफ करून द्या."

डिजिटल आलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की माझं दुकान आता बंद. 2003 मध्ये डिश टीव्ही, 2004 च्या डिसेंबरात दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा, 2006 मध्ये टाटा स्काय. मुंग्या नाहीत, भुतं नाहीत, आणि मराठी वाहिनी हिंदीइतकीच स्वच्छ. आकड्यांच्या रूपात आलेलं चित्र एकतर पूर्ण येतं किंवा मुळीच येत नाही. आषाढात ढग दाटले की या थाळ्यांचं चित्र गोठतं, त्याच्या चौकटी होतात, मग काळा पडदा. पूर्वी मुंग्यांतून का होईना, बातम्या बघता यायच्या. पाऊस थांबला की परत सगळं लख्ख.

पण चौकटी ऊन पडल्यावरही दिसायला लागल्या, तेव्हा मला कळलं की दोष आता खांबावरूनही उठून गेला आहे. एचडीची सगळी मेख इथे आहे.

एचडी म्हणजे चौकटीचा आकार: आडवे 1920 ठिपके, उभे 1080. जुन्या, साध्या चित्रात 720 गुणिले 576. गुणाकार करून बघा, एचडी बरोबर पाच पट येतं. पण हा झाला चौकटीचा आकार. त्यात माल किती भरला, हे त्यावरून कळत नाही. स्टुडिओच्या तारेतून एचडी चित्र धावतं तेव्हा सेकंदाला जवळजवळ दीड अब्ज बिट वाहतात. तुमच्या थाळीपर्यंत येताना ते काही दशलक्षांवर येतं. म्हणजे शंभर भागांतला एखादाच भाग. बाकीचं यंत्राने गाळलेलं असतं. गाळण्याची युक्ती अशी: मागच्या चौकटीत जे होतं आणि आताही तसंच आहे, ते परत पाठवायचं नाही, फक्त बदल पाठवायचा. स्टुडिओत बसून बातम्या वाचणारी बाई या यंत्राला आवडते. फक्त ओठ हलतात. पण होळीचा गुलाल, पाऊस, वाहतं पाणी, वारीची गर्दी, मशालींच्या उजेडातली धुळीने भरलेली लढाई, यांत प्रत्येक ठिपका बदलतो. तेव्हा यंत्राला बिट पुरत नाहीत आणि ते चित्राचे चौकोनी तुकडे करून मोकळं होतं. म्हणून सासू-सुनेच्या दिवाणखान्यातली मालिका आणि ऐतिहासिक मालिका एकाच वाहिनीवर, एकाच रात्री, एकाच संचावर वेगळी दिसते. दुसरीच्या कॅमेऱ्यात खोट असेलच असं नाही.

त्यात आणखी एक भानगड. उपग्रहाच्या एका ट्रान्सपाँडरवर पुष्कळ वाहिन्या एकत्र बसवलेल्या असतात. ब्लॉकच्या गच्चीवर एक टाकी आणि तिच्यावर आठ क्वार्टर असावेत, तसं हे. सगळे नळ एकदम सुटले नाहीत तर प्रत्येकाला धार मिळते. यंत्र दर क्षणी ठरवतं की कुणाला किती द्यायचं. शेजारच्या वाहिनीवर क्रिकेट रंगात आलं की तुमच्या मालिकेच्या वाट्याचे बिट कमी होऊ शकतात. अशा वेळी चित्र बिघडलं, तर ते तुमच्या घरात, तुमच्या गल्लीत किंवा तुमच्या शहरात दुरुस्त होण्यासारखं नसतं.

आपल्याकडे एचडी मोठ्या प्रमाणावर आलं ते 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल खेळांच्या सुमाराला. मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या आल्या 2016 मध्ये. लोकांनी मोठे संच घेतले, एचडीचा डबा घेतला, आणि मग फोन सुरू झाले: "दोन्ही एचडी, मग एक लख्ख आणि एक धूसर का?" कारण एचडी वाहिनीवरचा प्रत्येक कार्यक्रम एचडीत जन्मलेला नसतो. जुनी टेप यंत्राने ताणून 1080 ओळींची केली तरी वाहिनीचं नाव एचडीच राहतं. ताणल्यावर ठिपके वाढतात, तपशील वाढत नाही. कधी जुनं चौरस चित्र रुंद पडद्यावर ओढून बसवलेलं असतं. मग सगळी माणसं बुटकी आणि जाडी.

याची सगळ्यांत मोठी चाचणी देशाने एकत्रच पाहिली. 28 मार्च 2020 ला, टाळेबंदीत, दूरदर्शनने 'रामायण' परत सुरू केलं. माझा फोन त्या दिवसापासून थांबेना. गिऱ्हाइकांनी नवे त्रेचाळीस इंची, पंचावन्न इंची संच घेतलेले, आणि राम धूसर. "पॅनल गेलं का?" पॅनल ठीक होतं. वाटही जवळजवळ निर्दोष होती. आता शेवटचं कच्चं ठिकाण उरलं होतं ते 1987 ची टेप. टेपवर 576 ओळी, तेवढाच मूळ माल. 1988 मध्ये जो फरक आमच्या मुंग्यांनी झाकला होता, तो आता चांगल्या पडद्याने उघडा केला. अमेरिकेतली 'फ्रेंड्स' ही मालिका 1994 पासूनची, पण तिचं चित्रण 35 मिलिमीटर फिल्मवर झालेलं. फिल्म जपलेली होती, ती नव्याने स्कॅन केली आणि मालिका एचडीत आली, जणू काल चित्रित झाली. फिल्मच्या पोटात तेव्हाच्या टीव्हीला दाखवता येणार नाही एवढा तपशील होता. टेपच्या पोटात तो नव्हता, म्हणून कुठलंही यंत्र तो बाहेर काढू शकत नाही. आपल्या टीव्हीचा सगळ्यांत लोकप्रिय काळ टेपवर गेला. तो आता असाच दिसणार.

याचा अर्थ घरात बसून करण्यासारखं काही उरलं नाही, असं नाही. उलट अर्ध्या तक्रारी अजूनही घरातच मिटतात. एचडीचा डबा आणि एचडी संच यांच्यामध्ये जुनी पिवळी-पांढरी-लाल वायर लावलेली मला आजही सापडते. त्या पिवळ्या वायरीतून एचडी जातच नाही. भरलेले जादा पैसे तिथेच संपतात. एचडीएमआय केबल लावली की गिऱ्हाईक म्हणतं, "अरे, हा तर नवा टीव्ही झाला." कित्येकांच्या डब्याची सेटिंग 576 वर अडकलेली असते. कित्येक जण एचडीचे पैसे भरून त्याच वाहिनीची साधी आवृत्ती बघत असतात, कारण तिचा नंबर पाठ असतो. दुकानात संच चमकावा म्हणून भडक मोडवर ठेवलेला असतो. तो घरी तसाच राहतो, मग चेहरे केशरी होतात आणि शार्पनेस वाढवल्यामुळे प्रत्येक कडेला पांढरी किनार येते, म्हणजे भुताचीच धाकटी बहीण.

आणि अंतर. सेक्टरच्या क्वार्टरमधल्या बैठकीत सोफा संचापासून नऊ-दहा फुटांवर. बत्तीस इंची संचातला एचडीचा बारकावा निरोगी डोळ्याला पूर्ण दिसायचा तर चार-सव्वाचार फुटांवर बसावं लागतं. पंचावन्न इंचीला सात फूट. त्यात बत्तीस इंची संच बहुतेक 'एचडी रेडी', म्हणजे 1366 गुणिले 768 ठिपक्यांचे. म्हणजे साधं चित्र असो की एचडी, ते ताणून किंवा आवळूनच त्यात बसवावं लागतं. अशा घरात मी स्पष्ट सांगतो, एचडीचे पैसे वाचवा. काही लोक दुखावतात. त्यांना वाटतं, मी त्यांच्या टीव्हीला कमी लेखतो.

दुकान आता पुतण्या चालवतो. पॅनल फुटलं तर दुरुस्ती नाही, बोर्ड गेला तर बोर्ड बदली. माझी पट्टी, माझा पोर्टेबल, आवाजाची कॉइल जुळवायचा प्लॅस्टिकचा स्क्रूड्रायव्हर यांचं त्याच्या कामात काही नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. खटकतं ते वेगळं. अँटिनाच्या काळात वाईट चित्र दिसलं तर माणसाला ठाऊक असायचं की काय बिघडलंय, आणि तो जिना चढून वर जायचा. आज दोष इतका लांब गेला की लोक त्याला दोष मानत नाहीत. धूसर चित्र समोर दिसतं, पण कोपऱ्यात एचडी लिहिलेलं असतं, म्हणून ते स्वतःच्या डोळ्यांना दोष देतात.

2019 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायची नवी दरपद्धत लागू झाली, तेव्हा वाहिन्या मोजताना एक एचडी वाहिनी म्हणजे दोन साध्या वाहिन्या, असा हिशेब धरला गेला. ठिपके मोजले तर ती पाच साध्यांइतकी असते. आणि प्रत्यक्षात घरी किती येते? तिथे कार्यक्रमागणिक उत्तर वेगळं. ते काढायची माझी पद्धत मी पुतण्याला शिकवली आहे आणि तुम्हीही करून बघा. निवेदिकेचा चेहरा बघू नका, तो सगळीकडे चांगला दिसतो. क्रिकेटच्या मैदानावर कॅमेरा वेगाने फिरतो तेव्हाचं गवत बघा, गणपती विसर्जनातला गुलाल बघा, रात्रीच्या दृश्यातली काळी भिंत बघा. गवत पात्यांचं राहिलं, गुलाल कणांचा राहिला, काळ्या भिंतीवर पायऱ्या पडल्या नाहीत, तर पैसे वसूल. नाहीतर साधी वाहिनी लावा आणि उरलेल्या पैशांत चांगली एचडीएमआय केबल घ्या.